वाढीचा तो एक टक्का
फायनान्सच्या मास्टर्समध्ये नुसती सूत्रं घोकून घेतात, नोकरीत त्यांचा काही उपयोग नाही, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. व्हॅल्युएशनचंच, म्हणजे कंपनीची किंमत काढण्याचंच बघा. पुढच्या वर्षीची रोख आवक १००, अपेक्षित परतावा ९ टक्के. त्या आवकेची दरवर्षीची कायमची वाढ २ टक्के धरली तर किंमत येते साधारण १,४२९. ३ टक्के धरली की थेट १,६६७! सूत्र एका ओळीचं, रोख आवक भागिले (परतावा वजा वाढ), पण तो एक टक्का कशाच्या जोरावर वाढवला हे वर्गासमोर सांगताना घाम फुटतो. नोकरीत वरिष्ठ नेमकं तेच विचारतात. एक्सेल काय, सरावाने हाताला बसतं. मात्र इंटर्नशिप नसलेला कोर्स मी कुणालाच सुचवणार नाही. ताळेबंदाखालच्या टिपा बारकाईने वाचायची सवय प्रत्यक्ष कामातच लागते.