अक्कलदाढ काढली आणि भावाचा जबडा फ्रॅक्चर, तक्रार करता येते का?

कोरेगावकर:
भावाचं वय ४६. खालची अक्कलदाढ आडवी, हाडात रुतलेली, ती इथल्या एका क्लिनिकमध्ये काढली. दुसऱ्या आठवड्यात सूज उतरली म्हणून भाकरी खायला बसला तर कानाखाली कट्टकन आवाज झाला आणि दातावर दात बसेनात. डॉक्टरांना फोन केला तर म्हणे एवढं दुखतंच, गोळ्या चालू ठेवा. शेवटी दुसरीकडे ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) काढला, त्यात फ्रॅक्चर दिसलं, प्लेट बसवावी लागली. महिनाभर नुसती पेज, कामधंदा बंद. असं होऊ शकतं हे आधी कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. हा हलगर्जीपणा धरतात का?

दंतसर्जन_नाशिक:
दादा, वाचून खरंच वाईट वाटलं. हे फार क्वचित होतं पण आमच्या शास्त्रात माहीत असलेलं कॉम्प्लिकेशन आहे. दाढ खोल असली की भोवतीचं हाड कापावं लागतं, जबड्याचा कोन तिथे आधीच नाजूक, आणि चाळिशीनंतर हाड कडक होत जातं. दाढ काढताना जबडा मोडण्यापेक्षा नंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोडल्याच्या केसेस जास्त, कारण दुखणं थांबतं आणि माणूस कडक चावायला लागतो. म्हणून नुसतं जबडा मोडला एवढ्यावरून डॉक्टर चुकला म्हणता येत नाही. पण काढण्याआधी एक्सरे नव्हता, दाढेचे तुकडे न करता जोर लावून ओढली, किंवा काही आठवडे मऊच खा हे सांगितलं नाही, तर ती चूकच. आणि दात जुळत नाहीत असं पेशंट सांगतोय तर फोनवर गोळ्या सांगायच्या नसतात, लगेच बोलावून एक्सरे काढायचा असतो. मला तुमच्या केसमध्ये हेच जास्त खटकलं.

अॅड_वैशाली:
डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तोच मुद्दा ग्राहक आयोगासमोर येतो. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात सांगितलंय. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करा, दिलेली फी ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कन्सेंटबद्दल, म्हणजे पेशंटच्या संमतीबद्दल, सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली निकाल बघा, नुसती सही पुरत नाही, धोके आणि पर्याय समजावून सांगावे लागतात. पोलीस केसच्या मागे मात्र लागू नका, सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. डॉक्टरच्या नोंदणीबद्दलची तक्रार राज्य डेंटल कौन्सिलकडे वेगळी करता येते, पण भरपाई तिथे मिळत नाही.

मीनल_के:
आधी केसपेपर, एक्सरे आणि कन्सेंट फॉर्मची कॉपी लेखी मागा आणि त्या अर्जावर पोच घ्या, नंतर मागितलं की कागद सापडत नाहीत. फोन केल्याचा कॉल लॉग, व्हॉट्सअॅप मेसेज डिलीट करू नका. प्लेट बसवणाऱ्या सर्जनकडून लेखी रिपोर्ट घ्या.

कोरेगावकर:
ताई, डॉक्टर, मनापासून आभार. कन्सेंट म्हणून एका छापील कागदावर सही घेतलेली आठवतेय, तो इंग्रजीत होता आणि भावाला इंग्रजी वाचता येत नाही. उद्याच अर्ज देतो.

अॅड_वैशाली:
भाषेचा मुद्दा अर्जात नको, तक्रारीत घ्या. अर्जात फक्त कागद मागा.