एका गुंठ्याची परसबाग: लावणी आणि साठवण यांचा मेळ कसा घालावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कराडजवळच्या एका गावात आमचे घर असून घरामागे एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, काळी जमीन आहे. विहिरीचे पाणी मार्चअखेरपर्यंत रोज पुरते, त्यानंतर दिवसाआड द्यावे लागते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच मनापासून परसबाग केली आणि मृगाचा पाऊस झाल्यावर सगळेच एकदम लावले: टोमॅटोची ४० रोपे, वांग्याची २५, भेंडी आणि गवार यांचे दोन-दोन वाफे, मांडवावर कारली आणि दोडका, बांधाला लाल भोपळा.

बाग चांगली आली, पण पीक हाताळताना आमची फार ओढाताण झाली. ऑगस्टमध्ये गवार इतकी निघाली की घरातल्या चौघांना आणि शेजाऱ्यांना देऊनही उरली, म्हणून पत्नीने ती वाळत घातली. परंतु आठवडाभर आभाळ उघडले नाही आणि पंख्याखाली पसरलेल्या शेंगांवर तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसू लागली. पुढे एकाच आठवड्यात २० किलो टोमॅटो पिकले. त्यांचा रस आटवून आम्ही सॉसच्या जुन्या बाटल्यांत भरला, तर नवव्या दिवशी दोन बाटल्यांची झाकणे वर आली आणि उघडताच फेस बाहेर आला. हाताने वाढवलेले पीक उकिरड्यावर टाकताना जिवाला लागते.

यंदा मला नीट आखणी करायची आहे. चार माणसांसाठी कशाची किती रोपे पुरतात, काय केव्हा लावावे आणि कोणती भाजी कशी टिकवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. गवार आणि मटार बाटलीत भरून घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या देऊन टिकवता येतात, असेही एकाने सुचवले आहे. ते योग्य आहे का?

माळावरची बाग

आपला प्रश्न वाचून मला माझी पहिली दोन वर्षे आठवली. मी सांगोल्याकडची आहे. आमच्याकडे ऊन भरपूर आणि पाणी कमी, त्यामुळे आमचे गणित आपल्यापेक्षा थोडे वेगळे आहे, पण मूळ मुद्दा दोन्हीकडे एकच आहे. आपली चूक लागवडीत झालेली नाही. ती दिनदर्शिकेत झाली आहे. जी भाजी वाळवायची, तिचा तोडा कडक उन्हाच्या दिवसांत आला पाहिजे, आणि म्हणून पेरणीची तारीख पावसावरून न ठरवता वाळवणाच्या उन्हावरून मागे मोजत ठरवावी लागते.

गवारीचेच उदाहरण घ्या. ती जूनमध्ये पेरली की ऑगस्टमध्ये शेंगा येतात, म्हणजे नेमक्या दमट दिवसांत. तीच गवार जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरली, तर मार्चअखेरीपासून शेंगा सुरू होतात आणि एप्रिलच्या उन्हात तीन-चार दिवसांत खडखडीत वाळतात. गवार पाण्याचा ताण सोसणारी आहे, तेव्हा आपल्या दिवसाआडच्या पाण्यावरही ती तग धरेल. पुसा नवबहार हा वाण दोन्ही हंगामांत चालतो आणि त्याला फांद्या फुटत नाहीत, एकच खोड सरळ वर जाते, त्यामुळे लहान वाफ्यात जवळजवळ पेरला तरी दाटी होत नाही. जूनमध्ये मात्र रोज खाण्यापुरती एकच ओळ पेरावी.

वाळवण्याची रीत सांगते. कोवळ्या शेंगांची देठे आणि शिरा काढून त्या मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे सोडायच्या. रंग एकदम उजळ हिरवा झाला की लगेच चाळणीत उपसायच्या, निथळू द्यायच्या आणि जुन्या सुती साडीवर एकाला एक न चिकटता पसरायच्या. संध्याकाळी दव पडायच्या आत त्या घरात घ्यायच्या, एरवी दिवसभराचे वाळणे रात्रीत वाया जाते. माझ्या सासूबाई शेंग मधोमध दुमडून पाहत: ती वाकली तर आणखी एक ऊन, काडीसारखी कटकन तुटली तरच डबा. गवारीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यामुळे पाच किलो ओल्या शेंगांच्या वाळून साधारण एक किलो होतात, आणि चौघांना तळणीपुरत्या तेवढ्या वर्षभर पुरतात. हा हिशेब आधी केला की किती पेरायचे ते आपोआप ठरते.

डबा भरल्यावर लगेच फळीवर ठेवून विसरू नये. पहिले आठ दिवस वाळवण काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून ठेवावे आणि रोज एकदा हलवावे. काचेला आतून वाफ धरलेली दिसली, तर काही शेंगांत ओल राहिली आहे असे समजून सगळे पुन्हा उन्हात घालावे. बुरशी बहुतेक वेळा याच टप्प्यावर धरते.

सांडग्या मिरचीलाही हेच ऊन लागते. जाड सालीच्या, कमी तिखट मिरच्या देठ ठेवून उभ्या चिराव्यात आणि त्यांत धणे, मेथी, जिरे, हळद, हिंग व मीठ यांची भरड भरून आंबट दह्यात रात्रभर मुरवाव्यात. दिवसा उन्हात आणि रात्री उरलेल्या दह्यात, असे दही पूर्ण जिरेपर्यंत करावे आणि मग देठ मोडेपर्यंत वाळवावे. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ-हळद लावून पाणी सुटू दिले आणि ते पिळून टाकले की कडूपणा बराच कमी होतो. मेथी आणि कढीपत्ता मात्र उन्हात घालू नये, रंग आणि वास दोन्ही उडतात. ही पाने घरात सावलीतच वाळवावीत.

आता रोपांची संख्या. आमच्याकडे पाच माणसांना वांग्याची ८ रोपे, टोमॅटोची १२, मिरचीची १५ आणि भेंडीची ३० रोपे पुरून उरतात. दुधी आणि दोडक्याचा प्रत्येकी एक-दोन वेल, कारल्याचे तीन. टोमॅटोची १२ रोपेही एकदम लावू नयेत, महिन्याच्या अंतराने सहा-सहा लावावीत म्हणजे एकाच आठवड्यात २० किलो पदरात पडत नाहीत. भेंडीला हळद्या रोग फार त्रास देतो, म्हणून परभणी क्रांतीसारखा त्याला दाद न देणारा वाण घ्यावा आणि दिवसाआड तोडा करावा, कारण दोन दिवस दुर्लक्ष झाले की भेंडी जून होते आणि झाड नवी फुले धरण्यात हात आखडता घेते. मेथी, पालक आणि कोथिंबीर ही दर १०-१२ दिवसांनी हातभर रुंदीच्या पट्ट्यात पेरत जावीत. मेथी २५-३० दिवसांत काढणीला येते, त्यामुळे तीन-चार पट्ट्यांचे चक्र हिवाळाभर चालते. एवढे करूनही आपल्या गुंठ्यात जागा उरेल, ती कांदा-लसणाला द्यावी.

लाल मातीतला

वरील ताईंच्या म्हणण्याला कोकणातून दुजोरा देतो आणि एक भर घालतो. आमच्या रत्नागिरीकडे जून ते सप्टेंबर वाळवणाचा विचारच करता येत नाही, म्हणून जुन्या माणसांनी पावसात वाढणारी पण स्वतःच टिकणारी फळे हाताशी धरली. कोहळा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तो पावसाच्या पाण्यावर वाढतो, पूर्ण पिकल्यावर त्याच्या सालीवर पांढरा भुकटीसारखा थर येतो, आणि तो थर हाताने न पुसता फळ कोरड्या, हवेशीर जागी टांगून ठेवले तर कित्येक महिने टिकते. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापले की मग तो किसून, भिजवलेल्या उडदाच्या डाळीच्या वाटणात मिरची, हिंग आणि मीठ घालून त्याचे सांडगे घालतात. म्हणजे पावसातले पीक उन्हापर्यंत पोहोचवण्याचे काम फळ स्वतःच करते. पिकलेले तवसेही, म्हणजे पावसाळी मोठी काकडीही, असेच शिंक्यात ठेवतात. आपल्या बांधावर लाल भोपळ्याशेजारी कोहळ्याचा एक वेल अवश्य लावावा.

दुसरे म्हणजे, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आम्ही वाल पेरतो. आपल्या काळ्या जमिनीत परतीच्या पावसानंतर पावटा किंवा वाल सहज येईल. ओल्या शेंगा हव्या तेवढ्या खाव्यात आणि उरलेल्या वेलावरच वाळू द्याव्यात. साठवणीसाठी वेगळे काही करावे लागत नाही आणि पुढे पावसाळ्यात बिरड्याची सोय होते.

बरणी आणि तापमान

मी अनेक वर्षे अन्नप्रक्रियेचा अभ्यासक्रम शिकवला आहे, त्यामुळे बाटल्यांबद्दल थोडे स्पष्टपणे लिहितो. गवार किंवा मटार बाटलीत भरून घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या देऊन टिकवण्याचा विचार कृपया पूर्णपणे सोडून द्यावा. त्यातील धोका जिवावर बेतणारा आहे.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो आणि त्याचे बीजाणू भाजीबरोबर सहज घरात येतात. उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना ते मरत नाहीत. त्यांना मारण्यासाठी सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान ठरावीक वेळ बाटलीच्या अगदी मध्यापर्यंत पोहोचावे लागते. बंद बाटलीत हवा नसते आणि आंबटपणा कमी असला, म्हणजे सामू ४.६ च्या वर असला, की हे बीजाणू अंकुरतात आणि विष तयार करतात. अशा बाटलीतील भाजी दिसायला आणि वासाला अगदी चांगली असू शकते. कुकरमध्येही दाब तयार होतो हे खरे, परंतु तो लवकर तापतो, लवकर निवतो, आणि त्यातील बाटलीसाठी किती वेळ पुरेसा आहे याची चाचणी झालेली नसते. शिट्ट्यांवरून तो वेळ ठरवता येत नाही. म्हणून गवार वाळवावी आणि मटार गोठवावेत. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटे ठेवून लगेच थंडगार पाण्यात टाकावेत, कापडावर कोरडे करावेत आणि पिशवीत पातळ थर करून उणे १८ अंशांच्या कप्प्यात ठेवावेत. उकळत्या पाण्याची ही पायरी गाळू नये, कारण रंग आणि चव बिघडवणारी विकरे तिच्यामुळेच थांबतात. आपल्याकडे वीज वारंवार आणि बराच वेळ जात असेल, तर गोठवण्यावर फार भिस्त ठेवू नये.

टोमॅटोची गोष्ट वेगळी आहे. तो आंबट असला तरी अगदी सीमेवर असतो आणि पूर्ण पिकलेल्या काही टोमॅटोंचा सामू ४.६ च्या पुढेही जातो, म्हणून रसात दर लिटरमागे अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घालणे आवश्यक आहे. रबरी कडीच्या नव्या झाकणाच्या, अर्ध्या लिटरच्या बरण्या गरम असतानाच उकळता रस वर बोटभर जागा सोडून भरावा, झाकण लावावे आणि बरणी पूर्ण बुडेल एवढ्या उकळत्या पाण्यात ४० मिनिटे ठेवावी. समुद्रसपाटीला ३५ मिनिटे पुरतात, पण कराड साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे तिथे पाणी थोडे कमी तापमानाला उकळते, म्हणून पाच मिनिटे जास्त धरावीत. सॉसच्या जुन्या बाटल्यांची झाकणे पुन्हा घट्ट बसत नाहीत. आपल्या बाटल्यांत फेस आला तो बहुधा आत शिरलेल्या किंवा आतच जिवंत राहिलेल्या यीस्टमुळे. झाकण फुगलेली कोणतीही बाटली चव घेऊन पाहू नये, ती तशीच टाकून द्यावी. हे सगळे कटकटीचे वाटत असेल, तर आटवलेला रस लहान डब्यांत गोठवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुकरचा बेत मी रद्द केला आहे आणि तो सुचवणाऱ्या स्नेह्यांनाही कारणासह कळवले आहे. यंदा जूनमध्ये गवारीची एकच ओळ पेरीन आणि दोन वाफे शेणखत घालून फेब्रुवारीसाठी मोकळे ठेवीन. टोमॅटो सहा-सहा लावीन आणि बांधावर कोहळाही टोकीन.

एक शंका राहिली. मागील वर्षी आम्ही सात लाल भोपळे काढले, पण त्यांतले चार महिन्याभरातच देठाकडून सडले. ते फळही टिकाऊ म्हणतात, मग आमचे कुठे चुकले?

लाल मातीतला

आपण देठ मुळाशी तोडला होता का, किंवा भोपळा देठाला धरून उचलला होता का? सड बहुतेकदा तिथूनच आत जाते. वेल सुकू लागला आणि सालीत नख रुतेनासे झाले की चार बोटे देठ ठेवून धारदार कोयत्याने कापावा, आणि उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्यावा. आठ-दहा दिवस पडवीत हवेशीर जागी ठेवून साल टणक होऊ द्यावी. त्यानंतर गवताच्या पेंढ्यावर एकेक सुटा ठेवावा, एकावर एक रचू नये आणि थेट फरशीवर तर मुळीच ठेवू नये, कारण फरशीची ओल खालून लागते. ज्याला खरचटले असेल किंवा ज्याचा देठ निघून आला असेल, तो साठवणीत न ठेवता त्याच आठवड्यात घारग्यांना वापरावा.