५० मीटर रेंजसाठी घरी बनवलेले विंड फ्लॅग: कापड, खांब, जागा याबद्दल सल्ला हवा

कातळकाठ:
नमस्कार मंडळी.

माझी मुलगी .२२ रायफलवर प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी करते. आमच्या क्लबची रेंज रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, पूर्ण उघडी. नेमबाजाचं तोंड उत्तरेला, म्हणजे समुद्र डाव्या हाताला. सकाळी लवकर तिचे ग्रुप सुंदर येतात, छिद्रं एकाजवळ एक पडतात. अकराच्या सुमाराला खारा वारा सुटला की तीच रायफल, तीच गोळी, तीच पोझिशन असूनही छिद्रं उजवीकडे पांगायला लागतात. राज्य स्पर्धेत डिटेल (नेमबाजीची पाळी) दुपारची मिळाली तर काय, ही धास्ती तिलाही आहे आणि मलाही.

रेंजवर पूर्वी वारा दाखवणारे फ्लॅग होते, ते पावसाळ्यात कुजून गेले. आता मुलांना बरोबर घेऊन घरीच करायचं ठरवलंय. कापड कुठलं घ्यावं? कातळावर पहारसुद्धा लागत नाही, मग खांब उभा कसा करायचा? फायरिंग पॉइंटपासून किती अंतरावर, किती उंचीवर? आणि खाऱ्या हवेत टिकेल असं काय वापरू? घरी ड्रिल, पकड, करवत आणि शिवणयंत्र आहे.

देवगडी:
खांबाचं उत्तर तुमच्या पायाखालीच आहे. चिरा, म्हणजे जांभ्या दगडाची कापलेली वीट घ्या. अख्खा नको, अर्धा पुरे; उचलायला सोपा आणि वाऱ्याला हलत नाही. जांभा ड्रिलला मऊ लागतो. मधोमध चार-पाच बोटं खोल भोक पाडा, त्यात दहा एमएमच्या सळईचा तुकडा सिमेंटने बसवा. सळई वर वीतभरच ठेवा. तिच्यावर वायरिंगचा पीव्हीसी पाइप घाला. पाइप सैल वाटला तर सळईला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची.

सळई आखूड ठेवायचं कारण सांगतो. गोळीच्या उंचीवर लोखंड अजिबात असू नये. चुकून गोळी लागली तर पाइप तुटेल, तेवढंच. लोखंडावरून गोळी कुठे उडेल ते सांगता येत नाही. चिरासुद्धा गोळीच्या वाटेच्या पुष्कळ खाली राहील असा बघा, नाहीतर थोडा बाजूला सरकवा.

पोफळी:
देवगडींच्या चिऱ्याला माझं अनुमोदन. मी मुलांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माप. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात ५० मीटर रेंजसाठी फ्लॅग ५० मिमी रुंद आणि ४०० मिमी लांब सांगितला आहे. कापड सुती, वजन चौरस मीटरला सुमारे १५० ग्रॅम. जागा दोन: फायरिंग पॉइंटपासून १० मीटरवर आणि ३० मीटरवर. तुम्ही हेच माप धरा. स्पर्धेत मुलीला हीच पट्टी दिसणार आहे, तर सरावालाही हीच हवी.

कापडासाठी मांजरपाट बघा. दुकानात गज-मीटरवर मिळतं, पण पोत वेगवेगळा असतो, म्हणून तोलून घ्या. हिशोब सोपा आहे: ५० बाय ४०० मिमीची पट्टी ३ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. घरच्या काट्यावर एवढं कळत नाही, ओळखीच्या सोनाराकडे जा किंवा दहा पट्ट्या एकत्र तोला, ३० ग्रॅम आल्या की झालं. तोलायच्या आधी कापड धुऊन खळ काढा. खळीचं कापड जड आणि ताठ असतं, हलक्या वाऱ्याला ते हलतच नाही. मलमल नको, ती झुळकेलाच आडवी होते आणि जोराच्या वाऱ्यातही आडवीच राहते, म्हणजे फरक कळायचा कसा?

कडा दुमडून शिवू नका, वजन वाढतं. मांजरपाट धाग्यात सरळ फाटतं, फाडूनच पट्ट्या करा आणि सुटलेले धागे कात्रीने काढा. फक्त वरची कड दुमडून त्यात खराट्याचा एक हीर घाला, म्हणजे पट्टी वर पसरलेली राहते. हिराच्या दोन्ही टोकांना दोरा बांधून मधे एकत्र आणा आणि तो दोरा गळाच्या पितळी स्विव्हलला (फिरत्या कडीला) अडकवा. मिरकरवाड्याला मासेमारीचं सामान विकणाऱ्यांकडे लहान स्विव्हल मिळतील. हे स्विव्हल पाइपला आडव्या खोचलेल्या स्टेनलेसच्या सायकल-तारेला टांगायचं. तार पाइपबाहेर सहा-सात सेंटीमीटर आली पाहिजे, म्हणजे पट्टी पाइपला चिकटत नाही आणि चहूबाजूंनी मोकळी फिरते. साध्या लोखंडी तारेला आपल्याकडे महिन्याभरात गंज धरतो, तो स्विव्हलमध्ये गेला की फिरणं बंद.

तेल घालू नका. तेलावर धूळ आणि वाळू बसते. शिसपेन्सिलीची पूड पुरते.

बावीसबोअर:
मी अलिबागकडचा, बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेमबाजी करतो. माझं मत वेगळं आहे. कापडी पट्टीपेक्षा फिरती पाती जास्त सांगते. जाहिरातीच्या फलकांचं पोकळ प्लास्टिक असतं ना, त्याचं शेपूट कापायचं. एक बाजू भगवी, दुसरी काळी. पुढच्या टोकाला नट लावून तोल साधायचा आणि सायकल-तारेचं टोक घासून त्यावर फिरतं ठेवायचं. वारा डावीकडून की उजवीकडून हे रंगावरूनच कळतं, डोळ्याला विचार करावा लागत नाही. पुढे छोटा पंखा लावला तर वेगाचाही अंदाज येतो. शिवाय प्लास्टिक पाणी पीत नाही. आपल्या दमट हवेत सुती पट्टी सकाळी ओली होऊन लोंबकळते, याचा विचार केलात का?

पोफळी:
दमटपणाचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे पट्ट्या रेंजवर ठेवायच्याच नाहीत. घरी न्यायच्या, अधूनमधून गोड्या पाण्यात धुवायच्या. मीठ बसलेलं कापड हवेतलं पाणी ओढतं, धुतलं की पुन्हा हलकं होतं.

पातीबद्दल मात्र मी ठाम आहे. बेंचरेस्टला तुमची पाती उत्तमच. पण आयएसएसएफच्या नियमाने होणाऱ्या स्पर्धेत नेमबाजाला स्वतःचं वारा दाखवणारं साधन लावता येत नाही. रेंजने लावलेल्या कापडी पट्ट्या, एवढंच. पट्टी किती अंशात उचलली, ती थरथरते आहे की शांत तरंगते आहे, हे वाचायला वेळ लागतो, आणि तो वेळ सरावातच द्यायला हवा. रंगाची सवय लागलेलं पोर पांढऱ्या पट्टीसमोर गोंधळतं.

बावीसबोअर:
स्पर्धेसाठी हे पटलं. तरी पहिले काही आठवडे दोन्ही शेजारी लावून बघा असं सुचवेन. पाती बघून पट्टीची भाषा लवकर समजते.

कातळकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, उंचीचं आणि आडव्या जागेचं सांगाल का? आमच्या लेन सव्वा मीटरच्या आहेत.

पोफळी:
रेंज बंद असताना, सगळ्या रायफली उघड्या आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) घातलेले असताना, एकाने प्रोनमध्ये नळीच्या उंचीवर दोरी धरायची आणि दुसऱ्याने ती टार्गेटच्या मध्यापर्यंत ताणायची. ही गोळीची वाट. १० आणि ३० मीटरवर पट्टीचा मध्य या दोरीच्या उंचीला येईल असा पाइप कापा. जमिनीजवळ वारा मंद असतो, उंचावर जोरात, म्हणून गोळी जिथून जाते तिथलाच वारा बघायचा.

पाइप दोन लेनच्या सीमेवर उभा करा. सव्वा मीटरची लेन म्हणजे सीमेपासून मध्य साडेबासष्ट सेंटीमीटरवर. पट्टी ४० सेंटीमीटरची आणि तार सहा-सात सेंटीमीटरची, म्हणजे वाऱ्याने पूर्ण आडवी झाली तरी गोळीच्या वाटेत येत नाही. तरी प्रत्येक लेनवर झोपून साइटमधून बघा. पट्टी टार्गेटवर येता कामा नये, पण डोळ्याच्या कडेला दिसली पाहिजे.

हर्णैची वाट:
दोन्हीपैकी कुठल्या पट्टीवर जास्त विश्वास ठेवायचा? आमच्याकडे सुरूच्या बनामुळे १० मीटरची शांत असते आणि ३० वाली नाचत असते.

पोफळी:
दोन्ही ठिकाणी वारा सारखा असेल तर जवळची महत्त्वाची. नळीतून निघाल्यावर लगेच गोळीला बाजूचं ढकलणं मिळालं की ती त्या तिरप्या दिशेनेच उरलेलं अंतर जाते. टार्गेटजवळ मिळालेल्या धक्क्याला पसरायला अंतरच उरत नाही. पण तुमच्याकडे सुरूचा आडोसा फायरिंग पॉइंटजवळ आहे, त्यामुळे ३० वालीकडे बघावंच लागेल. शिवाय झाडांच्या कडेला वारा भोवरा करतो, तिथे आणखी एक पट्टी सरावापुरती लावा.

किती फरक पडतो हे आकड्यात सांगते, म्हणजे मुलांना गंभीरपणे घ्यावंसं वाटेल. साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाची मॅचची गोळी घेतली, तर सरळ आडव्या वाऱ्यात वाऱ्याच्या दर मीटर प्रतिसेकंद वेगामागे ५० मीटरवर सुमारे ६ मिलिमीटर सरकते. टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटरची असते. पाच-सहा मीटर प्रतिसेकंदाचा खारा वारा म्हणजे चार रिंगा गेल्या. आणि जास्त वेगाची गोळी वापरून वारा टाळता येईल असं वाटत असेल तर ते उलटं आहे. आवाजाच्या वेगाच्या वर निघालेली .२२ गोळी हवेत वेग पटकन घालवते आणि जास्तच वाहते.

देवगडी:
यात एक भर घालतो. गोळी नुसती आडवी जात नाही. उजव्या पिळाच्या नळीतून (जी गोळीला उजवीकडे फिरवत सोडते) डावीकडच्या वाऱ्यात ती उजवीकडे आणि किंचित खाली जाते, उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर. म्हणजे तुमच्या उत्तराभिमुख रेंजवर पहाटेच्या, जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यात छिद्रं डावीकडे वर, दुपारच्या खाऱ्यात उजवीकडे खाली. मुलीची जुनी टार्गेटं काढून बघा, वेळ लिहिली असेल तर लगेच ताळा लागेल.

कातळकाठ:
काढली टार्गेटं. दुपारची बहुतेक उजवीकडे खालीच आहेत! इतके दिवस आम्ही ट्रिगरला दोष देत होतो. मग आता पट्टी बघून दर शॉटला साइटचे क्लिक फिरवायचे का?

पोफळी:
नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पट्टी वारा मोजण्यासाठी नाही, थांबायचं कधी हे कळण्यासाठी आहे. साइटर, म्हणजे मोजणीआधीचे सरावाचे शॉट मारताना पाच-सात मिनिटं नुसत्या पट्ट्या बघायला सांगा. खारा वारा एकसारखा नसतो, वाढतो, बसतो, पुन्हा वाढतो. त्यातली जी स्थिती परत परत येते आणि जरा टिकते ती निवडायची. समजा पट्टी खांबापासून अर्ध्यावर उचललेली. त्या स्थितीत साइट जुळवून घ्यायची. मग मोजणीचे शॉट फक्त तेव्हाच. पट्टी खाली पडली किंवा आडवी झाली तर बोट ट्रिगरवरून काढायचं, श्वास घ्यायचा, वाट बघायची. वारा पूर्ण बसलाय म्हणून घाईने मारलेला शॉट हमखास डावीकडे वर जातो, कारण साइट वाऱ्यासाठी जुळवलेली असते. स्थिती कायमची बदलली, असं दिसलं तरच पुन्हा साइटला हात.

वेळेवर लक्ष ठेवायला मात्र शिकवा. थांबणं म्हणजे अर्धा तास पडून राहणं नव्हे. निवडलेली स्थिती टिकली की दोन-तीन शॉट लागोपाठ उरकायचे.

बावीसबोअर:
याच्याशी शंभर टक्के सहमत. आणि कातळ तापला की स्कोपमध्ये मिराज (तापलेल्या हवेची लहर) दिसतं, तेही बघायला लावा. पट्टी हलत नाही इतका मंद वारा असला तरी मिराज एका बाजूला वाहताना दिसतं.

कातळकाठ:
चिरे सांगितलेत, मांजरपाट आणलं. पहिल्या पट्ट्या सोनाराकडे साडेतीन ग्रॅम भरल्या. चालतील?

पोफळी:
खळ निघाली नसेल. रात्रभर भिजवून पुन्हा धुवा, कडकडीत वाळवा आणि मग तोला. हीर काढून तोलायचं बरं का. तरीही साडेतीनच आल्या तर तेच कापड सगळ्या खांबांना लावा. तेवढ्याने सराव बिघडत नाही, पण १० ला एक कापड आणि ३० ला दुसरं असं करू नका.