रेल्वे फाटकाचा जुना गेट सिग्नल: फाटकापाशीच राहू द्यावा की हुबळीच्या संग्रहालयात न्यावा?

रूळवाट
रायबाग, बेळगाव, खानापूरकडे अजून "सिग्नल पडला" असंच म्हणतात. दिवा पडत नाही, पडायचा तो सिग्नलच्या खांबावरचा लोखंडी हात. आडवा असला की गाडीने थांबायचं, ४५ ते ६० अंश खाली झुकला की चालायचं. मिरज-लोंढा मार्ग १९९० च्या दशकात मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. आता जिथे फाटकाजवळ असा खांब उरला असेल तिथून तो हलवू नये. आणि नुसता खांब ठेवून भागणार नाही; हात ओढायची लेव्हर, तिथून खांबापर्यंतची तार, पुल्या, फाटकाच्या कुलपाची किल्ली असं सगळं एकत्र हवं. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय किल्ली सुटत नाही, ती किल्ली लेव्हरला लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही, आणि सिग्नल परत आडवा केल्याशिवाय फाटक उघडत नाही. हे पोरांना जागेवर हाताने करून दाखवता येतं. संग्रहालयात रंग दिलेला खांब तेवढा दिसतो.

ऊसपट्टा
असहमत. चालू रुळाशेजारी हलणारा सिग्नल हा खेळ नव्हे. वापरात नसलेल्या सिग्नलवर किमान १ मीटर लांब आणि १० सेंमी रुंद अशा दोन पट्ट्यांची फुली मारावी लागते, हात आडवाच ठेवावा लागतो, दिवा लावायचा नसतो. मग तुमचं प्रात्यक्षिक कुठे राहिलं? गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या फाटकावर अडतात. तिथे भुयारी मार्ग आधी हवा, खांब मध्ये येत असेल तर काढावा. हुबळीचं रेल्वे संग्रहालय २०२० पासून आहे, तिथे छपराखाली राहील.

मलप्रभाकाठ
तारेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. तार ४०० मीटर असेल आणि पहाटेपेक्षा दुपारी ती २० अंशांनी जास्त तापली, तर सुमारे साडेनऊ सेंटिमीटर लांबते. ताण कमी पडला की लेव्हर पूर्ण ओढूनही हात अर्धवटच पडतो. रात्री उलट: तार आखडते आणि कुणी लेव्हरला हात न लावता सिग्नल थोडा झुकतो. हे जास्त वाईट, कारण आडवा नाही आणि पडलेलाही नाही असा हात पाहून चालकाने काय समजायचं? म्हणून तारेला ताण जुळवायचं साधन असतं आणि ते रोज बघावं लागतं. तार तुटली तर मात्र वजनाने हात आपोआप आडवा होतो. तेव्हा रूळवाट, जागेवर ठेवायचंच असेल तर रोज बघणारा माणूस कोण, ते आधी सांगा.

रूळवाट
मुद्दा मान्य. मग रुळाशेजारच्या खांबावर फुलीच राहू दे. किल्ली-लेव्हरची जोडी रुळापासून दूर, फाटकाच्या खोलीत बसवायची, सोबत दहा-पंधरा मीटर तार आणि एक छोटा हात. तो रुळावरून दिसता कामा नये.

तिलकवाडीकर
बेळगावात पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट हे पत्ते आहेत. तिसऱ्या गेटवर पूल झाला तरी नाव गेटचंच. वस्तू गेली तरी नाव राहतं, पण ते गेट चालायचं कसं हे नावातून कुणाला कळणार? रूळवाट यांच्याशी सहमत. फक्त सिग्नलच्या दिव्यापुढच्या रंगीत काचेकडे लक्ष द्या. हिरवी काच मुळात निळसर असते. रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीमागे ती हिरवी दिसते. पांढरा एलईडी लावलात तर निळसर उजेड पडेल. खोलीतल्या नमुन्याला पिवळसर दिवा घ्या.

ऊसपट्टा
खोलीत ठेवायला हरकत नाही. बाहेरच्या खांबाची खरी अडचण जमिनीलगत असते. तिथे पाणी साचतं आणि खांब वर धड दिसत असताना बुडाशी पोकळ होतो. खानापूरकडचा पाऊस बघता मेअखेरीस बुडाभोवती वीतभर माती काढावी, तारेच्या ब्रशने गंज घासावा, रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन थर द्यावेत आणि पाण्याला उतार काढून द्यावा. बूड हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर त्या खांबाजवळ पोरांना नेऊ नका, तो उतरवूनच घ्यावा लागेल.