'सँडब्लाइंड'मध्ये वाळू कुठून आली?

प्रश्न : 'सँडब्लाइंड' या जुन्या इंग्रजी जोडशब्दाचा अर्थ कोशात 'अंधुक दिसणारा' असा मिळतो, ठार आंधळा असा नाही. मग यात वाळू कशाला? डोळ्यात वाळू गेली की दिसेनासं होतं, म्हणून?

उत्तर : वाळूचा मुळात काहीच संबंध नाही. पहिलं पद 'साम-' म्हणजे अर्धा. जुन्या इंग्रजीत 'सामक्विक' म्हणजे अर्धमेला आणि 'सामसोडन' म्हणजे अर्धवट शिजलेलं. 'सामब्लिंड' मात्र उपलब्ध लिखाणात सापडत नाही, म्हणून व्युत्पत्तिकोशात त्याच्या आधी तारांकन (*) असतं, म्हणजे हे रूप अनुमानानं बांधलेलं. ते विसरून रूप उद्धृत करू नये. 'साम-' बोलण्यातून गेलं, अर्थ कुणाला लागेना, तेव्हा लोकांनी त्या जागी ओळखीचा 'सँड' बसवला. ही लोकव्युत्पत्ती. एकदा वाळू आली की तिला कारणही शोधलं जातं : सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या इंग्रजी कोशात डोळ्यांपुढे बारीक कण उडताना दिसण्याचा दोष, असा अर्थ दिला आहे!

पुरवणी : हे 'साम-' आपल्याला परकं नाही. लॅटिन 'सेमि', ग्रीक 'हेमि' आणि संस्कृत 'सामि' ही सख्खी भावंडं. ग्रीकमध्ये आरंभीच्या 'स'चा 'ह' होतो : आपलं सप्त, त्यांचं हेप्टा. पाणिनीनं तर 'सामि' (अष्टाध्यायी 2.1.27) एवढ्याच शब्दाचं सूत्र केलंय. त्यानुसार क्त-प्रत्ययान्त शब्दाशी (कृत, भुक्त अशा धातुसाधिताशी) समास होतो : सामिकृत म्हणजे अर्धवट केलेलं, सामिभुक्त म्हणजे अर्धवट खाल्लेलं. इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. 'सामिष' हे स + आमिष, म्हणजे मांसासहित. आणि 'सामील' अरबीतून आलेला. दोन्हींत अर्धं काही नाही.

प्रश्न : भाषांतरात काय लिहावं? 'अर्धांध' चालेल?

उत्तर : साध्या मजकुरात 'नजर अधू असलेला' पुरे. 'अर्धांध' नेमका आहे, पण बोलण्यात कुणी वापरत नाही. 'रातांधळा' नको, तो निराळा विकार. अडचण शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकात येते. अंक 2, प्रवेश 2 : बाप आपल्याला ओळखत नाही हे पाहून विनोदी नोकर लॉन्सलॉट म्हणतो, हा सँडब्लाइंडच्याही पलीकडचा, 'ग्रॅव्हल-ब्लाइंड' आहे. इंग्रजीत 'स्टोन-ब्लाइंड' म्हणजे ठार आंधळा, तेव्हा वाळू आणि दगड यांच्या मधली खडी त्यानं शोधून काढली. तिथे 'अधू नजर' लिहिलं तर विनोद मेलाच. व्युत्पत्ती बाजूला ठेवून वाळूच धरावी आणि खडीपर्यंत न्यावी, कारण त्या काळच्या प्रेक्षकाला शब्दात वाळूच ऐकू येत होती.