मदत हवी आहे: जुन्या व्हीजीए (डिस्प्ले) कार्डाची मेमरी गंडलीय, आठपैकी नेमकी चिप कशी शोधू?

मंडळी, एक जुनं १६ बिट आयसा (जुन्या पीसीतला स्लॉट) व्हीजीए कार्ड आहे, १ एमबीचं, त्यावर २५६के×४ च्या (प्रत्येकी चार डेटा लाइन) आठ डीआयपी (दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेल्या) चिप्स, सगळ्या थेट सोल्डर केलेल्या, सॉकेट एकही नाही. बीप नॉर्मल, डॉस बूट होतो, पण जिथे स्पेस हवी तिथे दुहेरी अवतरणचिन्ह, अख्खी स्क्रीन भरून! ए चा सी होतो, डी चा एफ, ई चा जी, आणि बी, सी, एफ, जी मात्र एकदम बरोबर. आधी फॉन्टवर संशय होता पण अक्षरांचे आकार स्वच्छ आहेत, रंगही ठीक.

मग अक्षरांचे कोड हेक्समध्ये (१६ च्या पायात) बघितले. स्पेस २०, अवतरणचिन्ह २२. ए ४१, सी ४३. म्हणजे बिट १ (० पासून मोजला तर, उजवीकडून दुसरा) कायम १ च वाचला जातोय, ज्या अक्षरांत तो आधीच १ आहे ती सुटली. ३२०×२०० च्या २५६ रंगी मोडमध्ये काळ्या स्क्रीनवर दर चौथ्या कॉलमला बारीक हिरवी रेघ येते, ० चा २ होतोय, तेही जुळतंच.

आता चिप कुठली? आठही काढत बसलो तर पॅड उखडणार. स्कोप (सिग्नल बघायचं यंत्र) नाही, मल्टिमीटर आहे. की ग्राफिक्स चिपच गेलीय?

प्रतिसाद:
निम्मं काम तर तुम्हीच केलंय. टेक्स्ट मोडमध्ये अक्षरांचे कोड प्लेन ० मध्ये (प्लेन म्हणजे व्हिडिओ मेमरीच्या चार भागांपैकी एक), रंग १ मध्ये आणि फॉन्ट २ मध्ये असतो. कोडच बिघडलाय म्हणजे प्लेन ०. आठ चिप्स म्हणजे ३२ डेटा लाइन, बहुतेक कार्डांत एका प्लेनला दोन चिप्स, त्यातली खालच्या चार बिटांची तुमची. फक्त बोर्डावर क्रमाने पहिलीच असेल असं धरू नका, ट्रॅक कसेही फिरवलेले असतात.

पॉवर बंद करून कार्ड बाहेर काढा, मीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला (पाय २०), काळा डेटा पायांवर, म्हणजे १, २, १८, १९. आठही चिप्सचं रीडिंग लिहून काढा. सगळ्या लाइन साधारण सारख्याच यायला हव्यात, एखादी वेगळी आली की तिथेच थांबा. मग त्या पायापासून ग्राफिक्स चिपपर्यंत कंटिन्यूटी (जोड अखंड आहे का ते) बघा, कारण ट्रॅक तुटला असेल तरी लक्षणं हीच.

दुसरा प्रतिसाद:
मीटरने कळलं नाही तर चांगली चिप संशयित चिपच्या वर पिगीबॅक करून (पायाला पाय टेकवून) बघा, पाय घट्ट टेकले पाहिजेत. पण आतून आउटपुट मेलं असेल तरच फरक दिसेल, लाइन शॉर्ट असेल तर वरची चिप काही करू शकत नाही, त्यामुळे फरक नाही म्हणजे चिप चांगली असं समजू नका. आणि ग्राफिक्स चिपवर इतक्यात बिल फाडू नका, एकच बिट अडकलाय तर आधी डीरॅम (याच मेमरी चिप्स) आणि सोल्डर बघायचं.

धागाकर्ता:
सापडली बहुतेक! बाकी सगळ्या लाइन ०.६ च्या आसपास, एका चिपचा पाय २ बराच कमी. ट्रॅक शाबूत आहे. पिगीबॅकने काहीच फरक नाही, म्हणजे शॉर्टच दिसतोय. पाय कापून चिप काढतो, उरलेले पाय एकेक करून उपसतो आणि सॉकेट लावतो. कापल्यावर ती लाइन परत मोजेन, तरीही कमीच आली तर मात्र ग्राफिक्स चिप. माझ्याकडे सुटी चिप ८० नॅनोसेकंदवाली आहे (आकडा कमी तितकी चिप जलद), बाकीच्यांवर ७० लिहिलंय, चालेल का?

पहिला प्रतिसादक:
टेक्स्टमध्ये चालेलही, पण १०२४×७६८ ला ठिपके नाचायला लागले तर परत शोधाशोध. ७० किंवा ६० चीच घ्या, ६० वाली बिनधास्त चालते. सॉकेट लावताना खाच बघून लावा.