रूट कॅनॉलच्या नळीत हळद, त्रिफळा का नको? डॉक्टर मंडळींनी बोलावं

हळदपेठ_सांगली
आमचा धंदा हळदीचा. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण दाताच्या दवाखान्यात तिला अजून जागा नाही. नळ्या धुवायला हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच. दोन सिटिंगच्या मधे नळीत भरतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझलेला चुना. तो १९२० पासून चालत आलाय. रूट कॅनॉल करूनही पुन्हा पू झालेल्या दातांत एन्टेरोकोकस फिकॅलिस हा जंतू बऱ्याचदा सापडतो आणि तो नेमका चुन्याला दाद देत नाही. त्रिफळा, ग्रीन टी, प्रोपोलिस (मधमाश्या झाडांवरून गोळा करतात तो डिंक), कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) यांचा या जंतूवर परिणाम होतो हे प्रयोगशाळेत दिसलंय. मग निदान मधल्या आठवड्याचं औषध वनस्पतीचं का नसावं? ब्लीच मुळाच्या टोकापलीकडे गेलं तर गाल सुजून काळानिळा पडतो, तो धोका पेशंटनं का घ्यायचा?

मिरजेचा दंतवैद्य
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. नळी धुणं वेगळं, नळीत औषध ठेवणं वेगळं. हायपोक्लोराइट जंतू मारतंच, शिवाय आत उरलेली मेलेली नस विरघळवतं. ते काम त्रिफळ्यानं होत नाही, हळदीनंही नाही. फाईल, म्हणजे नळी खरवडायची बारीक सुई, फिरवल्यावर भिंतीवर जो थर बसतो तो काढायला १७ टक्के ईडीटीए हे रसायन लागतं. आणि टोकापलीकडे जाऊ नये म्हणून बाजूला भोक असलेली सुई असते, ती नळीत घट्ट न अडकवता हळूहळू धुवायचं असतं. नीट धुतलं तर ती घटना विरळाच. तिच्या भीतीनं धुणंच कमकुवत केलं, तर पेशंट पू घेऊन परत येणार.

आता मधल्या औषधाचं बोलू. काढलेल्या दातात एकच जंतू वाढवून त्यावर अर्क टाकला आणि जंतू मेले, तर त्यावरून एवढंच कळतं की प्रयोग पुढे न्यायला हरकत नाही. तोंडातल्या नळीत अनेक जातींचे जंतू एकमेकांना धरून थर करून बसलेले असतात, बाजूला रक्त आणि पू असतो, दाताची भिंत स्वतःच औषधाचा जोर कमी करते. कर्क्युमिन तर पाण्यात विरघळतच नाही, त्यासाठी दुसरं द्रावक लागतं. मग जंतूवर नक्की कशाचा परिणाम झाला तेही बघावं लागतं. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ ते ५ टक्के, प्रत्येक मालात वेगळं. चुन्याचा सामू (पीएच) १२.५ च्या आसपास असतो, हे मला डबा न उघडता माहीत असतं. आणखी एक, पिवळा रंग दाताच्या भिंतीत उतरला तर पुढच्या दाताचं काय करायचं?

एमडीएस_करतेय
सर, डागाचा मुद्दा एकट्या हळदीलाच का लावता? तीन अँटिबायोटिकांची पेस्ट आपण वापरतो, त्यातल्या मिनोसायक्लिननं दात काळपट पडतो, तरी तिला जागा मिळाली. मग लोकांनी त्यावर उपाय शोधले. हळदीलाही तेवढी संधी द्या.

वनस्पती नको असंही म्हणता येणार नाही. नळी ज्यानं भरतो तो गटापर्चा झाडाचा चीक आहे. झिंक ऑक्साइडच्या सिमेंटमधलं युजेनॉल लवंगेतलं. त्याचे तोटे आपल्याला ठाऊक आहेत, त्यावर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, नीट घट्ट होत नाही, म्हणून कुठे वापरायचं नाही हेही ठरलंय. कुठलंही औषध असंच वापरात येतं.

फिकॅलिसचं मात्र धागाकर्त्यानं बरोबर मांडलंय. तो पेशीत प्रोटॉन ओढून आतला सामू सांभाळतो, म्हणून चुन्यात टिकतो. निळ्या प्रकाशानं कर्क्युमिन चेतवून जंतू मारण्याचा मार्गही आहे, त्यात पूड भरून ठेवायची गरजच नाही. हळदीनं जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, ते सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. हक्कासाठी एवढं लढलो, तर पुढचं शास्त्रही इथंच व्हायला हवं.

जत_तालुका
मला दोन्ही बाजूंपेक्षा हा धागा वाचणाऱ्यांची काळजी वाटते. आमच्याकडे दाढ ठणकली की किडलेल्या खड्ड्यात आधी हळद दाबतात, मग लवंगतेलाचा बोळा. दुखणं दबतं, माणूस कामाला लागतो आणि आतली नस मरत राहते. पुढे जबडा सुजल्यावर मिरज गाठायची. नळीतलं औषध डॉक्टर ठरवतील, घरी खड्ड्यात काही भरू नका, हे या धाग्यात ठळक लिहा.

दुसरं, ऊसतोडीला गेलेला माणूस दुसऱ्या सिटिंगला महिनोन् महिने येत नाही. वरचं तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत जाते. मग आत चुना असो नाहीतर त्रिफळा, काय उपयोग? शक्य असेल तिथं एकाच बैठकीत काम पुरं करा, आमच्या भागाची खरी गरज ती आहे.

हळदपेठ_सांगली
जतकरांचं मान्य, घरी काही भरू नका. बाजारातल्या पुडीत तर रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळही सापडते, ती तोंडात नकोच. धुण्याचंही सोडलं, ब्लीच राहू द्या. पण मधल्या औषधाचा आग्रह मी सोडत नाही. कर्क्युमिनचं प्रमाण तपासून, शुद्ध करून, ठरलेल्या द्रावकातून द्यायचं, हे काम सांगलीत होण्यासारखं आहे. माल इथं आहे, दंतवैद्य इथं आहेत.

मिरजेचा दंतवैद्य
मग पेशंटवर चाचणी करा. निम्म्यांना चुना, निम्म्यांना तुमचं औषध, आणि वर्षभरानंतर मुळाच्या टोकाचा एक्स-रे. हाड भरून आलेलं दिसलं तर मी वापरेन. तोवर माझ्या पेशंटच्या नळीत चुनाच राहील.

एमडीएस_करतेय
सर, ती चाचणी हळदीच्या व्यापाऱ्यानं करायची नसते, आपण करायची असते. एथिक्स कमिटीच्या अर्जासाठी गाइड होणार का, ते इथंच सांगा.